तिघांतले दोन

पायऱ्या संपल्या असं समजून मीरानं पाऊल टाकलं आणि एक पायरी अजून बाकी होती. पडली नाही ती, कठड्याला हात होता. पण टाचेपासून मानेपर्यंत एक हिसका गेला, दातांवर दात आपटले आणि हातातली डब्याची पिशवी भिंतीला थडकली. बस, एवढंच. वीज गेलेली, म्हणून लिफ्ट बंद, म्हणून चौथ्या मजल्यावरून पायी. रायपुरातल्या तेलीबांध्याच्या या इमारतीत सहा वर्षं राहून, याच जिन्यानं कितीदा तरी उतरून, आज तिच्या शरीरानं परस्पर ठरवून टाकलं होतं की जमीन आली. ती तिथंच शेवटच्या पायरीवर बसून राहिली. पाय दुखत नव्हता. चूक झाली याचंही फारसं काही वाटत नव्हतं, चुका होतातच. तिला धसका बसला होता तो पाऊल टाकतानाच्या खात्रीचा. जराही शंका नव्हती. चुकीचं पाऊलसुद्धा बरोबर पावलाइतक्याच भरवशानं पडतं, आतून दोन्ही सारखीच वाटतात, हे चाळिसाव्या वर्षी एका सिमेंटच्या पायरीनं तिला शिकवावं याचं तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मागून अनुश्री उतरत आली, कानातले इअरफोन काढत. "मम्मी, क्या हुआ? लगी क्या?" तिच्या मुलीला मराठी सगळी समजते, उत्तर ती हिंदीत देते. "काई नाई. बसली जराशी," मीरा म्हणाली. "नाना के यहाँ ग्यारह बजे है ना, आप लोगों का वो पर्चीवाला?" असं विचारताना अनुश्रीच्या ओठांच्या कडेला हसू होतं. तिला वाटायचं, ही आजोबांची एक जुनी गंमत आहे. कुणाच्या घरी पत्ते खेळतात, आपल्या आईच्या माहेरी चिठ्ठ्या टाकतात. "हव," मीरा म्हणाली आणि उठली. आज अकरा वाजता गुढ़ियारीतल्या माहेरच्या घरात तीन भावंडांनी तीन चिठ्ठ्या लिहायच्या होत्या, एकमेकांना न दाखवता. प्रश्न होता की बाबांचा उजवा पाय कापावा की कापू नये.

डॉक्टर भला माणूस होता, त्यानं काही लपवलं नाही. साखरेनं पाय सडला आहे, गुडघ्याखाली कापावा लागेल. हृदय अशक्त आहे, वय एकोणऐंशी, टेबलावरून उठतील याची खात्री देत नाही. नाही कापला तर विष वर चढेल. किती दिवस? काही आठवडे. दुखणं कमी राहील एवढं औषध देऊ. आज संध्याकाळपर्यंत सांगा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींचं पाणी त्यानं मोजून सांगितलेलं. बाबा, यशवंतराव, सगळं ऐकून घेऊन म्हणाले होते, "पोट्टेहो, तुम्ही चिठ्ठ्या टाका. ज्याच्याबद्दल प्रश्न आहे त्याचं मत धरायचं नाई. नियम आहे."

नियम त्यांचाच. स्कूटी काढून ती तलावाच्या कडेनं निघाली तेव्हा ऊन पाण्यावर सपाट पडलं होतं आणि फुग्यांच्या गाडीवाला गाडी लावत होता. आणि तिला वडिलांचा तरुण आवाज ऐकू येत होता, जो आता त्यांच्या गळ्यात राहिलेला नाही. ते सोळा वर्षं दक्षिणेकडे, समुद्राकाठी, अग्निबाणांच्या कामावर होते. अग्निबाणाला वाट दाखवणारं गणकयंत्र असतं, त्या खात्यात. आजोबा, म्हणजे रेल्वेच्या मालधक्क्यावरचे बाबू, अंथरुणाला खिळले म्हणून चौऱ्याऐंशी साली सगळं सोडून ते रायपूरला परत आले आणि कॉलेजात शिकवू लागले. पण मनानं ते परतलेच नाहीत. जेवताना, दाढी करताना, लाईट गेल्यावर अंगणात बाजेवर पडल्या पडल्या ते मुलांना सांगत. म्हणत, जमिनीवरचं यंत्र बिघडलं तर मिस्त्री बोलावता येतो. वर गेलेल्याला कोण हात लावणार? म्हणून आकाशानं या यंत्रांना एक गोष्ट शिकवली. आपण चुकणार, हे आधीच धरून चालायचं. चंद्रावर माणसं नेणाऱ्या अग्निबाणात एकच हिशेब तीन ठिकाणी चाले आणि तिघांचं मत घेतलं जाई. दोन जे म्हणतील ते खरं, तिसऱ्याचं सोडून द्यायचं, आणि गंमत म्हणजे अग्निबाण तसाच पुढे जाई, त्याला कळतसुद्धा नसे की आपल्या पोटात एक चूक होऊन गेली. ही युक्ती मग खाली उतरली, ते सांगत, विमानात गेली, रेल्वेच्या सिग्नलात गेली. मीरा आज नव्या रायपुरात जिथं नोकरी करते तिथंही प्रत्येक नोंद तीन यंत्रांवर ठेवतात आणि एखादं यंत्र भलतंच बोलू लागलं तर उरलेली दोघं त्याला गप्प करतात. तिच्या खुर्चीसमोरच्या पडद्यावर त्या यंत्राचं नाव लाल होतं. गेली आठ वर्षं ती असं लाल नाव दिसलं की चहा प्यायला उठून जाते. सहकाऱ्यांना वाटतं, बाईंना चहाची फार तलफ.

घरात हा नियम आला तो एकोणनव्वद साली. मोठी ज्ञानदा तेरा वर्षांची, मीरा अकरा, शिशिर आठ. टीव्ही आधी घ्यायचा की फ्रीज, यावर भांडण जुंपलं होतं. बाबांनी जुन्या कॅलेंडरचे तीन सारखे तुकडे केले. तीन कोपऱ्यांत बसा, बोलू नका, लिहा. आई, शारदा, स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. ती म्हणाली, "तुमच्या त्या रॉकेटात कोणी रांधते का? त्याले पण एक चिठ्ठी द्या ना मंग." बाबा हसले. आईला चिठ्ठी मिळाली नाही. मोठ्यांची मतं जड पडतात, ते म्हणाले, वजनं सारखी पाहिजेत. निकाल फ्रीजच्या बाजूनं लागला आणि टीव्ही मागणारा शिशिर रडला. बाबांनी त्याला मांडीवर घेऊन समजावलं, "जो एकटा पडला त्यानं वाईट वाटून घ्यायचं नाई बेटा. यंत्र घेते का वाईट वाटून?" शिशिरनं डोळे पुसत मान हलवली. त्याला ते खरोखर पटलं होतं. वडिलांची प्रत्येक गोष्ट पटणारा तो एकटाच होता त्या घरात.

पण फ्रीज मीरानं आणला होता. हे तिला त्याच दिवशी कळलं. ताईचं एक, शिशिरचं दुसरं, म्हणजे ठरवणारी मीच. शिशिर दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, ताईनं आपल्या वाट्याची चिक्की दिली, आणि मीराला दोन्हींचं सारखंच भय वाटलं. तिघांमध्ये मधला असणं म्हणजे दर वेळी न्यायाधीश असणं. पुढच्या वेळी, सुट्टीत अमरावतीला जायचं की राजिमला, ताई गच्चीवर कपडे वाळत घालताना म्हणाली, "मी अमरावती लिहून राहिली. तू पण पाह्य मंग." आणि मीराला एकदम हलकं वाटलं. तिनं अमरावती लिहिलं. आता कुणी हरलं तर ते तिच्यामुळं हरत नव्हतं, ते बहुमतामुळं हरत होतं. तेव्हापासून ती ताईची री ओढत आली. कधी गच्चीवर, कधी वेणी घालताना, लग्नानंतर फोनवर. "तू पण पाह्य मंग" एवढं वाक्य पुरायचं. ताईच्या मनात पाप नव्हतं. तिला वाटायचं आपण धाकट्या बहिणीला मदत करतो. आणि कुत्रा आणायचा नाही असं ठरलं, आणि शिशिरनं चित्रकलेच्या वर्गाला जायचं नाही असं ठरलं, आणि सायकल निळी नाही, काळी घ्यायची असं ठरलं. आईनं एकदाच, मीराच्या डोक्याला तेल चोळता चोळता, बोटं न थांबवता विचारलं होतं, "तू आपल्या मनाचं कधी लिहिशील वो?" मीरानं वेणीची रिबन पुढे केली. आईनं पुन्हा विचारलं नाही. आईला ठाऊक होतं, आणि आईनं सांगितलं नाही, आणि आई त्याच गोष्टीनं गेली.

सगळ्यात वाईट म्हणजे बाबांनी तो धडाही शिकवला होता. मीरा तेव्हा दहावीत असेल. भिंतीवर खडूनं चौकोन काढून ते सांगत होते. अमेरिकेचं ते परत येणारं अंतराळयान आहे ना, त्यात चार गणकयंत्रं एकच प्रोग्राम चालवतात. पण पाचवं ठेवलंय. त्याचा प्रोग्राम वेगळ्याच लोकांनी, वेगळं बसून लिहिला. काहून? कारण चौघांना एकाच माणसानं शिकवलं असेल तर त्या माणसाची चूक चौघांत असंल. चौघं मिळून एकमतानं चुकतील! मग मोजून काय उपयोग? दहा लोकांनी एकाच्याच तोंडून ऐकून तेच सांगितलं तर ते दहा नाई झाले, तो एकच झाला. बाबांचे डोळे असे चमकत होते की जणू हे रहस्य त्यांना समुद्राकाठी कुणी कानात सांगितलं होतं. मीरानं ताईकडं पाहिलं. ताई चिंच चोखत होती, तिला हे यंत्रांबद्दलच वाटत होतं. शिशिर मांडी घालून, तोंड उघडं ठेवून ऐकत होता. मीराचे कान तापले. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं, फार तर एक थप्पड बसली असती. तिनं विचारलं, "बाबा, चहा ठेवू का?" बाबा खूश होऊन म्हणाले, ठेव.

स्टेशनापलीकडं जायला रेल्वेच्या पुलाखालून वाट आहे. तिथं नेहमीसारखी कोंडी होती. मालाच्या हातगाड्या, पोत्यांनी भरलेला टेम्पो, आणि वरून एक मालगाडी इतकी सावकाश चाललेली की तिचे डबे मोजता यावेत. मीरा मोजत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर दोन हजार तीन साल होतं. राज्य नवं, राजधानी नवी, रस्त्यारस्त्यावर नवे फलक, जुन्या बंगल्यांवर नव्या खात्यांची नावं. सगळ्या शहराला वाटत होतं आता काहीतरी होणार, आणि त्यांच्या घरात ताईचं लग्न होणार होतं. आईला धाप लागत होती. मीरानं तिला पाहिलं होतं, अंगणातून बादली आणताना तीन पायऱ्यांत दोनदा थांबलेली, आणि कुणी पाहत नाही ना म्हणून इकडेतिकडे बघणारी. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब आहे, नागपूरला न्या, लवकर न्या. दुसरे म्हणाले, औषधानं निभेल काही महिने. बाबांनी कॅलेंडर फाडलं. शिशिर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, बावीस वर्षांचा. त्यानं लिहिलं, उद्याच न्या. ताई आदल्या दिवशी हळद दळून आणताना म्हणाली होती, "लग्नानंतर नेऊ ना, आईलेच लग्न पाहाचं आहे. तू पण पाह्य मंग." मीराला ती बादली दिसत होती. तिनं चिठ्ठीवर पेन टेकवलं आणि तिच्या मनात स्वच्छ, एखाद्या पाटीवर लिहावं तसं, नागपूर असं होतं. तिनं लिहिलं, लग्नानंतर. दोन विरुद्ध एक. आईनं लग्न पाहिलं, पाहुण्यांना वाढलं, ताईला निरोप देताना रडली, आणि एकोणिसाव्या दिवशी दुपारी भाजी निवडताना भिंतीला टेकली ती तशीच राहिली.

तेराव्याला बाबा मुलांना जवळ बसवून म्हणाले, "तीन डोक्यांनी अलग-अलग विचार केला. दोघांचं एकच आलं. यापेक्षा चांगलं कोणाच्यानं झालं असतं? चूक कोणाचीच नाई." ते हे स्वतःला सांगत होते. पुढची पंधरा वर्षं ते हेच सांगत आले. दर पितृपक्षात, दर वेळी आईचा फोटो पुसताना, शेजाऱ्यांना, येणाऱ्याजाणाऱ्यांना. त्या एका 'अलग-अलग'वर त्यांची झोप टेकलेली होती. आणि शिशिरनं त्यातून वेगळंच घेतलं. लहानपणी बाबा त्याला चिडवत, "तुह्या मशीनमधी कुठंतरी लूज कनेक्शन आहे बे," आणि तो खदखदून हसे. आता तो स्वतःच म्हणू लागला, "माह्या डोक्याचं लूज कनेक्शन आहे, मले नका विचारू." शेवटची परीक्षा दिली नाही. उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये लागला, पाळीवर जाऊ लागला. लग्नाचं विचारलं तर तुम्ही ठरवा, घर रंगवायचं तर तुम्ही ठरवा, पोहे की उपमा तर तुम्ही ठरवा. जो एकटा पडतो तो नेहमीच एकटा पडत असेल तर बिघाड त्याच्यातच, हे गणित वडिलांनीच शिकवलेलं आणि त्यानं चोख सोडवलेलं. त्या घरात धड चालणारं डोकं एकच होतं आणि त्यानंच स्वतःला बंद करून घेतलं होतं. मीराला हे माहीत होतं. ती दर रविवारी त्याच्यासाठी डब्यात पुरणपोळी नाहीतर साबुदाण्याची उसळ घेऊन यायची, आणि डबा रिकामा परत न्यायची.

काल ताईचा भिलाईहून फोन आला. "मी 'कापावा' लिहिणार आहे. इतक्या लोकाइचे पाय कापतात, चालतात-फिरतात ते. बाबाले असं सोडून द्याचं का? तू पण पाह्य मंग." ती रडत होती. तिचं चुकीचं होतं असंही नाही. मीरा हं म्हणाली. पण गेला महिनाभर ती रोज ऑफिसातून येता येता बाबांच्या पायाची पट्टी बदलते, आणि ते पट्टीकडं कधीच पाहत नाहीत, खिडकी उघडायला सांगतात आणि मालधक्क्याचे आवाज ऐकत पडतात. त्यांना या घरातून हलवू नये असं तिला वाटत होतं. कदाचित तेही चूक असेल. पण ते तिचं होतं.

गुढ़ियारीच्या घराच्या अंगणात नळाखाली शिशिर तोंड धूत होता, नुकताच पाळीवरून आलेला. हातांवरून काळं पाणी वाहत होतं, भुवयांत मिलमधली लोखंडी धूळ. ताई आत बाबांजवळ बसलेली, तिचा आवाज येत होता. शिशिरनं मीराला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दीदी, तू काय लिहून राहिली? सांग, मी पण तेच लिहितो. उगीच दोन-एक कशाले? तिन्ही सारख्या निघाल्या तं बाबाले बरं वाटंल."

मीराच्या टाचेत सकाळचा हिसका पुन्हा जागा झाला. तिला दिसलं, आता तीन चिठ्ठ्या एकाच हातानं लिहिल्यासारख्या निघतील, बाबा समाधानानं मान हलवतील, आणि त्या एकमतात एकच माणूस असेल. तिनं डब्याची पिशवी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली.

"शिशिर, मी आजपर्यंत माह्या मनाचं कधीच लिहिलं नाई. ताई सांगायची, मी लिहायची. दर वेळी."

त्याला आधी समजलंच नाही. तो हसला. "काय म्हणून राहिली?"

"फ्रीज सोडून सगळं. कुत्रा, सायकल, तुही चित्रकला. सगळं."

पाणी वाहत होतं. त्यानं विचारलं, "आईच्या वेळी?"

"तेव्हा बी."

"तुह्या मनात काय होतं?"

"नागपूर."

शिशिरनं नळ बंद केला. फार घट्ट पिळला, तरी पिळतच राहिला. मग कट्ट्यावर बसला, चेहरा ओला, टॉवेल खांद्यावर तसाच. म्हणाला, "मंग दोन आपण होतो."

"हव."

तिला वाटलं होतं तो ओरडेल. आयुष्यभर तिनं या क्षणाची जी भीती बाळगली होती तिच्यात तो ओरडत असे, कधी मारतही असे, आणि नंतर, खूप नंतर, त्याच्या अंगावरचं ओझं उतरलेलं दिसे. हा भागच तिला धीर द्यायचा. पण तो ओरडला नाही, आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. "काहून सांगितलं वो आता?" तो म्हणाला. "माह्या डोक्यात बिघाड आहे असं वाटत होतं, त्यात एक बरं होतं दीदी. बिघडलेला माणूस गप बसला तं काय नुकसान आहे? त्या दिवशी माह्या खिशात नागपूरची दोन तिकिटं होती. सकाळच्या गाडीची. कोणाले न सांगता काढली होती. चिठ्ठ्या उघडल्या, आणि मले वाटलं, पाह्य, पुन्हा आपलंच उलटं चाललं. तिकिटं वापस केली मी. आता सांगून राहिली का मी बरोबर होतो." त्यानं टॉवेल तोंडावर धरला. "बरोबर असून नाई नेलं तिले."

मीरा उभी होती. तिला त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा होता आणि तो हक्क आपल्याला आहे की नाही हे तिला समजत नव्हतं. तिनं पंधरा वर्षं जे ओझं उचलायला नकार दिला होता ते आज सचोटीच्या नावाखाली भावाच्या पाठीवर ठेवून दिलं होतं. आतून ताईची हाक आली, "या ना वो, बाबा वाट पाहून राहिले."

बाबा तखतावर उशांना टेकून बसलेले. दाढी केलेली, शिशिरनं काल रात्री पाळीवर जायच्या आधी केली असणार. पांढरा सदरा. पाय चादरीखाली, खोलीत औषधाचा आणि खालून पायाचा वास. समोर स्टीलची कटोरी आणि कॅलेंडरचे तीन तुकडे, त्यांनीच फूटपट्टी लावून सारखे कापलेले. तिघं तीन कोपऱ्यांत गेले. चाळिशीच्या आसपासची माणसं, पाठ वळवून, गुडघ्यावर कागद ठेवून. ताईचं लिहून चटकन झालं. मीरानं लिहिलं तेव्हा तिची अक्षरं वेडीवाकडी आली, पण आली. शिशिर सगळ्यांत शेवटी उठला.

बाबांनी पहिली उघडली. "कापावा." घडी घालून बाजूला ठेवली. दुसरी. "कापू नये." ताईनं मान झटक्यानं मीराकडं वळवली, आणि त्या नजरेत राग नव्हता, नुसता गोंधळ होता, अंधारात हात धरून चाललेल्यानं हात सोडून द्यावा तसा. "अलग आल्या दोन्ही," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जुनी जरब क्षणभर येऊन गेली. "म्हणजे तिसऱ्यावर आहे." त्यांनी तिसरी उघडली, लांब धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली.

"बाबाले विचारा," त्यांनी वाचलं.

"हे चालत नाई," बाबा म्हणाले. "हे मत नाई झालं. नियमात नाई बसत."

"नसंल बसत," शिशिर म्हणाला.

"ज्याच्याबद्दल प्रश्न आहे त्याले..."

"आईले पण कोणी विचारलं नव्हतं, बाबा."

तो हे इतक्या हळू म्हणाला की त्यात आरोप शोधूनही सापडला नसता. पंखा फिरत होता. मालधक्क्यावर डबे एकमेकांना जोडले जात होते, एकामागून एक तो आवाज लांब गेला. हातातला कागद बाबांनी उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाले, "मले भेव वाटते, पोट्टेहो." आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेनात. "खूप भेव वाटते. रात्रंदिवस वाटते. म्हणून म्हटलं तुम्हीच ठरवा. टेबलावर नाई जाचं मले. तिथं कोणी आपलं नसते. इथंच राहू द्या." ताई पुढं होऊन त्यांच्या कुशीत तोंड घालून रडू लागली आणि ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ती म्हणत होती, राहू देऊ बाबा, राहू देऊ.

थोड्या वेळानं त्यांचे डोळे पुसून झाले. कटोरीतल्या चिठ्ठ्या त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या. जुना माणूस परत आला होता, पण थकून. "तिघांचं तीन तऱ्हेचं आलं," ते म्हणाले. "असं कधी झालं नाई. मीरा, तू नेहमी ज्ञानदासंगं निघायची. नेहमी." त्यांची नजर मीरावर येऊन थांबली, आणि त्या नजरेच्या तळाशी काहीतरी हलताना तिला दिसलं. भिंतीवर खडूनं चौकोन काढणारा माणूस होता तो, त्याला दोन आणि दोन सांगावे लागणार नव्हते. "एक सांगा मले. तुमच्या आईच्या वेळी... तुम्ही आपापलंच लिहिलं होतं ना?"

ताई जमिनीकडं पाहू लागली. मीराला वाटलं, आता. आता नाही सांगितलं तर कधीच नाही. तिनं तोंड उघडलं. बाबा वाट पाहत होते, एका हातानं चादरीची कड धरून.

"आपापलंच लिहिलं होतं, बाबा," शिशिर म्हणाला. तो मीराकडं पाहत नव्हता. "तिघांनी अलग-अलग. मले माहीत आहे ना. दोघींचं बरोबर आलं होतं. माह्यंच चुकलं होतं तेव्हा."

बाबांनी डोळे मिटले. चादरीवरची त्यांची बोटं सैल झाली. "त्यात वाईट वाटून नाई घ्याचं बेटा," ते म्हणाले. "तिघांत एखाद्याचं चुकतेच."

"हव," शिशिर म्हणाला. आणि पायावरची पट्टी बदलायला मीराकडं त्यानं कात्री मागितली.